खलनायक शंटर : ऑड्री यांच्या एका बालपुस्तकाचे परीक्षण

रेव्हरंड डब्ल्यू. ऑड्री यांचे 'डक अँड द डिझेल एंजिन' हे बालपुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले. ब्रिटिश रेल्वेने १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेन्वये वाफेच्या एंजिनांना निरोप देण्याचे ठरविले होते. त्या पार्श्वभूमीवर ही कृती वाचली पाहिजे. डिझेल नावाचे शंटिंगचे एंजिन आधुनिकतेची प्रौढी मिरवीत यार्डात येते. दीर्घकाळ पडून असलेल्या, ब्रेक जाम झालेल्या वाघिणी ओढताना त्याची फजिती होते. आणि सूडापोटी ते डक या वाफेच्या एंजिनाविरुद्ध कंड्या पिकविते.

हे कथानक वस्तुस्थितीच्या उलट आहे, असा आक्षेप सहज घेता येईल. शंटिंग हेच डिझेलने प्रथम जिंकलेले क्षेत्र होय. लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने १९३० नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगांतून ते दिसून आले होते. वाफेचे एंजिन उभे असतानाही कोळसा जाळी, आणि कोळसा-पाणी घेण्यास व आग साफ करण्यास त्याला थांबावे लागे. डिझेल-विद्युत शंटर अहोरात्र राबू शके. याच परंपरेतील, पुढे 'क्लास ०८' म्हणून ओळखले गेलेले ३५० अश्वशक्तीचे ९९६ शंटर १९५२ ते १९६२ या काळात बांधले गेले. ऑड्रींचे डिझेल याच जातीचे.

परंतु हा आक्षेप कथेच्या मर्मास स्पर्श करीत नाही. डिझेल उणे पडते ते शक्तीत नव्हे. ब्रेक न पाहता जोर लावणे हा यंत्राचा दोष नसून कसबाचा अभाव होय. शक्ती म्हणजे कौशल्य नव्हे, हे ऑड्रींनी नेमके दाखविले आहे.

कथेचे खरे वैगुण्य अन्यत्र आहे. वाफेच्या एंजिनावर ड्रायव्हर व फायरमन असे दोघे लागत. शंटरवर आगच नसल्याने फायरमनच्या कसबाचे प्रयोजन संपले. बदलाचा भार ज्यांच्यावर पडला, ती माणसे कथेत छायारूपच राहतात. दोष एका एंजिनाच्या स्वभावावर ठेवला, की त्याला परत धाडताच प्रश्न मिटल्याचे समाधान वाचकास लाभते. प्रत्यक्षात १९६८ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून निरोप मिळाला तो वाफेच्या एंजिनांना.

१९७२ च्या 'ट्रॅमवे एंजिन्स' मधील मेव्हिस हे शंटरही आरंभी अहंमन्य आहे. मात्र ते चुकांतून शिकते व संकटात टोबीच्या साहाय्यास धावते. दुष्टपणा यंत्राच्या जातीत नाही, ही समज येथे परिपक्व झालेली दिसते. फायरमन मात्र याही पुस्तकात मूकच राहिला आहे.