पहिल्या अंकातली माशी

१९१६ साली ‘जेनेटिक्स’ या नव्या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. त्याच्या पहिल्याच पानावर कॅल्विन ब्रिजेसचा लेख सुरू होतो. आनुवंशिकतेचा गुणसूत्र-सिद्धान्त आता सिद्ध झाला, असे तो शीर्षकातच सांगून टाकतो. हा कोलंबिया विद्यापीठात आनुवंशशास्त्रज्ञ मॉर्गन यांच्या हाताखाली फळमाश्यांची पैदास करणारा तरुण. तो आपला दावा ज्या वाटेने सिद्ध करतो, ती वाट मला दाव्याहूनही मोहक वाटते.

मांडणी साधी आहे: पांढऱ्या डोळ्यांची मादी, लाल डोळ्यांचा नर. डोळ्यांच्या रंगाचा हा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. म्हणून माद्यांना बापाचा एक्स मिळून त्या लाल डोळ्यांच्या, तर नरांना आईचा एक्स मिळून ते पांढऱ्या डोळ्यांचे निपजतात. पण फार क्वचित एखादी मादी पांढऱ्या डोळ्यांची निघते, एखादा नर लाल डोळ्यांचा. बाटलीत चुकून शिरलेली माशी म्हणून ती सोडून देणे सोपे होते. ब्रिजेस मात्र तिच्यावरच सगळा लेख उभा करतो.

तो म्हणतो, अंडपेशी घडताना आईचे दोन एक्स एकमेकांपासून सुटलेच नाहीत. एका अंड्यात दोन्ही गेले, दुसऱ्यात एकही नाही. माशीत दोन एक्स म्हणजे मादी, एकच एक्स म्हणजे नर; म्हणून पहिल्याला बापाचा वाय मिळाला तरी पांढऱ्या डोळ्यांची मादी; दुसऱ्याला बापाचा एक्स मिळाला की लाल डोळ्यांचा नर. हा नर धडधाकट दिसतो, पण त्याला संतती होत नाही.

ते दोन एक्स मुळात का अडकले, याचे उत्तर या लेखात नाही. माणसाच्या अंडपेशीपुरते ते आज बरेचसे हाती आहे. तिथे अंडपेशी घडवणारे विभाजन मुलीच्या जन्माआधी सुरू होते आणि कित्येक वर्षे थांबून राहते. तेवढ्या काळात गुणसूत्रांना बांधून ठेवणाऱ्या कोहेसिन प्रथिनांची पकड सैल होते आणि तर्कूचे तंतू गुणसूत्रांना भलत्या बाजूला ओढून नेऊ शकतात. १९५९ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत सापडली, ती अशाच चुकीची खूण.

लेखाचा खरा कस पुढे लागतो. अंदाज बरोबर असेल, तर पांढऱ्या डोळ्यांच्या त्या मादीच्या पेशीत दोन एक्स आणि एक वाय दिसायलाच हवेत. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतात: काडीसारखे दोन एक्स आणि शेजारी आकड्यासारखा वाकलेला वाय. डोळ्यांच्या रंगावरून पेशीच्या आतले चित्र आधीच सांगायचे आणि मग ते तपासायचे, या धिटाईला मी मनापासून दाद देतो.

तेवढ्यावर तो थांबत नाही. अशा माद्यांच्या संततीत अपवाद सुमारे चार टक्क्यांवर जातात. वाय एका एक्सशी जोडी जमवतो आणि सुटा राहिलेला एक्स कोणत्याही बाजूला जातो, असे त्याचे स्पष्टीकरण. ते खरे असेल, तर या माद्यांच्या लाल डोळ्यांच्या, वरून अगदी नेहमीच्या दिसणाऱ्या लेकींपैकीही निम्म्या जणींत जादा वाय लपलेला असणार. ब्रिजेस त्यांची पैदास करून पाहतो, आणि सुमारे निम्म्या जणींच्या संततीत पुन्हा अपवाद उतरतात.