मालेगावचा सुपरमॅन आणि आम्ही

नंदुरबारला बसून अमेरिकन करमणुकीच्या प्रभावाचा विचार करताना आमच्या डोळ्यांपुढे हॉलीवूडऐवजी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येते. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटातील सुपरमॅन हा यंत्रमागावर राबणारा, काडीसारख्या अंगाचा शफीक आहे. दिग्दर्शक नासिर शेख त्याला हिरव्या पडद्यापुढे आडवा करून ‘उडवतात’. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो. खलनायकाला तर घाणीचेच वेड! १९३८ साली अमेरिकेत अवतरलेल्या या वीरपुरुषाला आपल्या गावाची धूळ आणि गटारे मालेगावकरांनी बहाल केली. याला नुसते अनुकरण म्हणणे आम्हांस पटत नाही. ही उसनवारी खरी, पण व्याजासह फेडलेली.

रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा मात्र आम्ही थबकलो. त्याच्या निर्मात्यांत अमेरिकेची ‘ॲमेझॉन एमजीएम’ आहे. अभिनय सच्चा, शफीकचे आजारपण चटका लावणारे. तरीही माहितीपटातील खरखर येथे घासूनपुसून गुळगुळीत झाली आहे. फसलेल्या प्रसंगांचा आनंद हरवून मैत्रीची सुबक कथा तेवढी उरते. मालेगावने अमेरिकेचा नायक न विचारता उचलला होता; आता अमेरिकन भांडवल मालेगावची कथा जगाला दाखवते आहे.

आमच्या सातपुड्यात, काठीच्या होळीला, मोरपिसांचे उंच टोप घातलेले बावा रात्रभर नाचतात. उद्या त्यांच्यावर चित्रपट निघालाच, तर कॅमेरा कोणाच्या हाती असेल?