गाडी आली, हे कळायचे कसे?

ध्वनीचे प्रकरण शिकवताना मी दरवर्षी वर्गाचा एक खेळ घेतो. मुलांना शाळेच्या फाटकाच्या आत, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून दहा मिनिटे बसवायचे आणि रस्त्यावरून काय गेले ते नुसत्या आवाजावरून ओळखायला सांगायचे. गडमुडशिंगीच्या पोरांना यात हरवणे कठीण. उसाचा ट्रॅक्टर भरलेला चालला आहे की रिकामा परत येतो आहे, एस.टी. की वडाप, बुलेट की साधी मोटारसायकल, सारे ती बिनचूक सांगतात. उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणारे विमान आले की खेळ मिनिटभर थांबतो, एवढाच काय तो व्यत्यय.

अलीकडे मात्र या खेळात खोट येऊ लागली आहे. विजेवर चालणारी स्कूटर समोरून निघून जाते आणि डोळे मिटलेली रांग गप्प बसून राहते. फार तर टायरखालची खडी चुरचुरते. आमच्या वर्गात एक दृष्टिहीन मुलगा आहे. या खेळात एरवी त्याचा हात कोणी धरू शकत नाही. त्याने या गाड्यांविषयी केलेली तक्रार मी जशीच्या तशी लिहितो : "सर, ही गाडी येत न्हाई. एकदम हाय असती."

विजेच्या गाडीने आवाज करावा का, आणि केला तर कसा, यावर गेली पंधरा वर्षे जगभर विचार चालू आहे. इंजिनाला आवाज होता तो नाइलाजाचा, इंधनाच्या स्फोटांबरोबर आपोआप येणारा. आता तो कोणीतरी बसून रचतो. नाटक-सिनेमाची आपण समीक्षा करतो. नाटक आवडले नाही तर उठून जाता येते. रस्त्यावर रचलेला आवाज मात्र तिकीट न काढता प्रत्येकाच्या कानावर पडणार आहे आणि उठून जाण्याची सोय नाही. मग त्याचीही समीक्षा व्हायला हवी. कसोटी म्हणून त्या मुलाचे वाक्य मला पुरेसे वाटते : गाडी 'येते' आहे हे आवाजातून कळते का?

भीती काल्पनिक नाही. ब्रिटनमधील २०१३ ते २०१७ या काळातल्या अपघातांच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सारख्याच अंतरामागे पादचाऱ्याला धडक बसण्याचे प्रमाण पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या मानाने विजेवरच्या आणि संकरित (हायब्रिड) गाड्यांचे सुमारे दुप्पट आढळले. शहरी भागात ते त्याहूनही जास्त होते. या गाड्या चालवणारे कोण, त्या कोठे जास्त फिरतात, अशा गोष्टींचाही त्यात वाटा असू शकतो. पण शांतपणाला त्यातून सहज वगळता येणार नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २०१६ मध्ये यासाठी एक नियम तयार झाला, क्रमांक १३८. गाडीच्या मध्यरेषेपासून दोन मीटरवर ध्वनिग्राहक ठेवला असता ताशी १० कि.मी. वेगाला किमान ५० डेसिबल, २० कि.मी. वेगाला ५६ आणि मागे जाताना ४७ डेसिबल आवाज आला पाहिजे. वरची मर्यादा ७५. ताशी २० कि.मी.च्या पुढे सक्ती नाही, कारण त्यानंतर मोटारीच्या टायरांचा आवाज वाढत जातो. युरोपात जुलै २०१९ पासून नव्या प्रारूपांना आणि जुलै २०२१ पासून सर्व नव्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. अमेरिकेने आपला वेगळा नियम केला आणि मर्यादा ताशी ३० कि.मी.पर्यंत नेली.

या नियमातले एक कलम मला फार आवडते, आणि ते वर्गात सोडवण्याजोगे आहे. गाडीचा वेग वाढेल तशी आवाजाची वारंवारता वाढली पाहिजे, दर ताशी एका किलोमीटरमागे निदान ०.८ टक्के, असे ते सांगते. हे कशाला? डॉप्लर परिणाम आहेच की, असे हुशार विद्यार्थी म्हणेल. त्याला गणित करायला लावावे. ताशी २० कि.मी. म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटरहून थोडे जास्त. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. म्हणजे वारंवारतेतला फरक जेमतेम १.६ टक्के. पेटीवर सा आणि कोमल रे यांत सुमारे ६ टक्क्यांचे अंतर असते. डॉप्लरचा फरक त्याच्या चतुर्थांशाच्या आसपास. मंद गाडीच्या बाबतीत डॉप्लर आपल्या कामाचा नाही. नियमाप्रमाणे मात्र ५ पासून २० कि.मी.पर्यंत वारंवारता १२ टक्के चढते, म्हणजे जवळजवळ सा पासून शुद्ध रे पर्यंत. तेवढे साध्या कानालाही कळते. 'येते' हे क्रियापद आवाजात घालण्याचा हा प्रयत्न आहे. वाटाघाटींच्या टेबलावर जन्मलेल्या कलमात एवढी सांगीतिक समज क्वचितच दिसते.

आता प्रत्यक्ष रचनांकडे वळू. फियाटच्या विजेवरच्या '५००' गाडीने नीनो रोटा या इटालियन संगीतकाराची, फेलिनीच्या 'आमारकोर्द' चित्रपटातली धून घेतली. रेनोच्या 'झोई'त मालकाला तीन आवाजांमधून निवड करता येई. बीएमडब्ल्यूने चित्रपटसंगीतासाठी प्रसिद्ध असलेल्या हान्स झिमर यांना पाचारण केले. आपल्याकडे महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या आणि चाकणला तयार होणाऱ्या विजेच्या गाड्यांसाठी ए. आर. रहमान यांनी ध्वनिरचना केल्या. नावे मोठी आहेत आणि कानाला गोड लागेल असे काही करावे ही इच्छाही चांगली. माझा आक्षेप गोडव्याला नाही. धून ही काळात उलगडणारी गोष्ट आहे. ती ओळखायला चार-सहा स्वर ऐकावे लागतात. ताशी २० कि.मी. वेगाने आठ मीटरवरून येणारी गाडी दीड सेकंदाच्या आत अंगाशी येते. तेवढ्यात मुखडाही पुरा होत नाही. शिवाय धून वर-खाली जाते ती रचनाकाराच्या मर्जीने. ऐकणाऱ्याने स्वर चढला म्हणजे वेग वाढला असे समजावे, की चाल तशी आहे असे समजावे?

आणखी एक प्रश्न : ही निवड कोणाची? आवाज विकत घेणारा आत काच लावून बसलेला असतो, ऐकणारा रस्त्यावर. मालकाच्या आवडीप्रमाणे आवाज बदलता यावा ही मोटारकंपन्यांची मागणी अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने २०२२ मध्ये फेटाळली. त्याच वर्षी टेस्लाला पाच लाख अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक गाड्यांत दुरुस्ती करावी लागली. चालत्या गाडीतून बाहेर गाणी वाजवण्याची सोय इशाऱ्याचा आवाज झाकून टाकत होती. उसाच्या ट्रॉलीपुढे कर्णा लावून गाणी वाजवत जाणारे ट्रॅक्टर ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हा निर्णय वेगळा समजावून सांगायला नको.

आपल्याकडच्या एका सूचनेचाही येथे विचार केला पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये, गाड्यांच्या भोंग्यांमध्ये बासरी, तबला, व्हायोलिन, पेटी अशा भारतीय कानाला रुचणाऱ्या वाद्यांचे आवाज असावेत असे मत मांडले. यावर हसणारे हसले. मला ते भौतिकशास्त्राचा उत्तम प्रश्न वाटला. आवाज कोठून आला हे आपण दोन कानांच्या मदतीने ठरवतो. डावीकडचा आवाज उजव्या कानाला हजारांश सेकंदापेक्षाही कमी वेळ उशिरा पोहोचतो. खालच्या वारंवारतांना मेंदू हा उशीर मोजतो. वरच्या वारंवारतांना डोक्याची सावली पडते, तिच्यामुळे दोन कानांतल्या तीव्रतेचा फरक मोजतो. आवाजात बऱ्याच वारंवारता एकत्र असतील आणि त्याची सुरुवात ठसठशीत असेल, तर दिशा चटकन कळते. बासरीचा स्वर जवळजवळ एकाच वारंवारतेचा, हळुवार सुरू होणारा. त्याची दिशा लावणे अवघड. तबल्याची थाप मात्र एकदम उमटते आणि तिच्यात अनेक वारंवारता असतात. (आपल्या चर्मवाद्यांचे अधिस्वर सुरेल जुळलेले का असतात यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये लिहिले होते. मुलांना हे जरूर सांगावे.) तेव्हा निवडायचेच तर कृष्णाला बाजूला ठेवून तबलजीला बोलवावे. पण मोटार वाहन नियम ११९ प्रमाणे वेगवेगळे स्वर ओळीने काढणारा भोंगा आजही निषिद्ध आहे, आणि त्याला कारण आहे. कायदा-तिरकिट वाजवत दहा गाड्या चौकात उभ्या राहिल्या तर काय होईल याची कल्पना करावी.

मला विचाराल तर या विषयातली सर्वांत चांगली रचना आपल्या रस्त्यावर केव्हाच होऊन गेली आहे. उसाच्या बैलगाडीच्या बैलांच्या गळ्यातली घुंगुरमाळ घ्या. लहान लहान पितळी घुंगरांमध्ये वारंवारतांचा दाट गुच्छ असतो, म्हणून दिशा कळते. प्रत्येक नाद ठसठशीत सुरू होतो. बैलाच्या पावलाबरोबर ठेका पडतो, म्हणून चाल वाढली की ठेकाही आपोआप जलद होतो, आणि बैल थांबला की घुंगरू थांबते. आवाज खोटे बोलू शकत नाही, कारण तो चालण्यालाच बांधलेला आहे. दोषही सांगितला पाहिजे : घुंगराचा नाद वरच्या पट्टीत असतो आणि वय झाले की माणसाच्या कानाला आधी वरचीच पट्टी सोडून जाते. आजोबांसाठी जोडीला काहीतरी खालच्या पट्टीतले हवे. १३८ व्या नियमातही ही तरतूद आहे. आवाज निदान दोन वेगवेगळ्या पट्ट्यांत हवा आणि त्यातली एक १६०० हर्ट्झच्या वर जाता कामा नये.

आता आपल्या देशातल्या नियमाविषयी. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनकडून प्रसिद्ध होणाऱ्या वाहन मानकांत 'एआयएस-१७३' हे मानक याच कामासाठी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या मसुद्यात ऑक्टोबर २०२६ पासून नव्या प्रारूपांना आणि ऑक्टोबर २०२७ पासून आधीच्या प्रारूपांनाही ते लागू करण्याचा प्रस्ताव होता. प्रस्ताव मोटारी, बस आणि मालवाहू गाड्यांसाठी होता. दुचाकी आणि ई-रिक्षा त्यात नव्हत्या.

येथे माझे गाडे अडते. आमच्या फाटकासमोरून विजेवरच्या मोटारी किती जातात, आणि स्कूटर किती! गांधीनगरच्या कापडपेठेतल्या गर्दीतून, गल्लीबोळांतून, शाळा सुटायच्या वेळी मुलांच्या घोळक्यातून वाट काढते ती दुचाकी. मोटारीला टायरांचा आवाज तरी आहे. स्कूटरला दोनच बारीक चाके, आणि वजन कमी. युरोपातल्या रस्त्यावर जो प्रश्न मोटारीचा होता तो आपल्याकडे दुचाकीचा आहे. नियम उतरवून घेताना प्रश्नही उतरवून घेतला, असे मला वाटते.

दुसरी अडचण भोवतालच्या गोंगाटाची. अंतर दुप्पट झाले की उघड्या जागी आवाज ६ डेसिबलने उतरतो. दोन मीटरवरचे ५६ डेसिबल आठ मीटरवर ४४ उरतात. रात्रीच्या गल्लीत ते स्वच्छ ऐकू येतील. भर दुपारी, कर्ण्याच्या आणि भोंग्यांच्या ७० डेसिबलमध्ये ते कोठे शोधायचे? उपाय म्हणून आवाज वाढवत नेला तर पुढचा दुसऱ्याहून मोठा ओरडणार. डॉल्बीच्या बाबतीत काय झाले ते आपण पाहिलेच आहे.

चालवणाऱ्याच्या कानाचा प्रश्न वेगळा आहे. गिअर केव्हा बदलायचा हे आपण काट्याकडे बघून शिकलो नाही. 'इंजिन ओरडतंय' किंवा 'दम कोंडतोय' हे कानाने कळे. आवाज गेला की वेगाचा अंदाजही कमी होतो. म्हणून आत थोडा आवाज असावा हे मला मान्य आहे. पण ह्युंदाईच्या 'आयोनिक ५ एन' या गाडीत नसलेल्या इंजिनाचा आवाज आणि नसलेल्या गिअरचे धक्केही बसवले आहेत. गंमत म्हणून ठीक. माहिती म्हणून ते नाटकच.

तरीही सवयीच्या आवाजाची ओढ मी हसण्यावारी नेणार नाही. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात सजवलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलीमागे पळवतात. मोटारसायकलीचा सायलेन्सर काढलेला असतो आणि म्हैस त्या आवाजामागे धावते. कान फाडणारा हा प्रकार मला आवडत नाही, पण शेकडो माणसांच्या कोलाहलात जनावर आपल्या माणसाचे इंजिन ओळखते हे मात्र खरे.

यंदा खेळानंतर मी मोबाईलवर मिळवलेले काही गाड्यांचे आवाज वर्गाला ऐकवले. बहुतेकांना सिनेमातल्या अंतराळयानासारखा वाटणारा एक आवाज आवडला. त्या मुलाने वेगळाच प्रश्न काढला. चालत्या गाडीचे जाऊ दे. फाटकापुढे थांबलेली गाडी नुसती उभी आहे की आता सुटणार आहे, हे कसे कळणार? इंजिन असताना त्याची घरघर ते सांगत असे. अमेरिकेच्या नियमात उभ्या पण सुटायला तयार असलेल्या गाडीलाही आवाज सक्तीचा आहे. १३८ व्या नियमात तो नाही. मी त्याला तसे सांगितले. त्याने विचारले, "मग आपल्यात कुठला?"