झाडे किती होती?

दोन वर्षांपूर्वी आमच्या लोधिवलीच्या शाळेत पंधरा ऑगस्टला मी भाषण केले. विषय होता सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे : कारवारजवळच्या चेंडिया गावचे, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले, हयातीत परमवीर चक्र मिळालेले वीर. रणगाड्याखालून सरपटत, दोरीच्या इशाऱ्याने त्याला पुढे नेणारे राणे मी असे रंगवले, की पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सभा आटोपल्यावर सॅपर्समधून निवृत्त झालेले एक हवालदार जवळ आले नि म्हणाले, "गुरुजी, बोललात झकास. पण रस्त्यावर आडवी पाडलेली झाडं किती होती हो?"

मला ठाऊक नव्हते. त्या रात्री राण्यांचे मानपत्र काढून वाचले. सरकारी कागदाची कसली समीक्षा, असे वाचक म्हणतील. म्हणोत बापडे.

नौशेरा-राजौरी रस्त्याचा सव्विसावा मैल. ८ एप्रिल १९४८, सकाळचे ११. उखळी तोफांचा मारा होतो. दोन जवान ठार, पाच जखमी, त्यांत राणे स्वतः. पुढे नुसते घड्याळ चालते. रात्री १० पर्यंत काम. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते दुपारी ३, रणगाड्यांसाठी वळणवाट. अर्ध्या मैलावर पाइनची झाडे आडवी. राणे उतरतात, ती उडवतात. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. सव्वासहाला, अंधारून येताना, पाच मोठी झाडे, भोवती सुरुंग, वर मशीनगनचा मारा. १० तारखेला पहाटे पावणेपाचला पुन्हा तिथेच. साडेसहाला तो अडथळा दूर. दुपारी २ वाजता चिंगस.

मानपत्रात विशेषणे आहेत, पण ती मी विसरलो. वेळा विसरलो नाही. "पुन्हा तेच" हेच या गद्याचे मर्म. माझ्या भाषणात शौर्य एका क्षणाचे होते, इथे ते तीन-चार दिवसांचे कष्ट आहे. आणि तो टाळ्यांचा रणगाडा? मानपत्रात तो नाहीच.

उणीव मात्र मोठी आहे. सुरुंग शब्दाचा जुना संस्कृत अर्थ भुयार. व्हिएतनाममधल्या कू चीच्या भुयारांत शिरलेल्या सैनिकांच्या आठवणी १९८५ साली मँगोल्ड आणि पेनिकेट यांनी पुस्तकात गोळा केल्या. तिथे अंधार आहे, कोंडलेला श्वास आहे, माणसाची भीती आहे. आमच्या कागदावर मैल आहेत, मिनिटे आहेत. सुरुंग उकरणाऱ्याची थरथरणारी बोटे नाहीत. राण्यांची तुकडी तर केवळ "तुकडी" म्हणूनच येते.

गेल्या महिन्यात हवालदार बाजारात भेटले. मी मोठ्या ऐटीत सांगितले, "नऊ तारखेच्या शेवटच्या अडथळ्यात पाच होती."

"बरोबर," ते म्हणाले. "आणि पहिल्या दिवशी गेलेली ती दोन पोरं, त्यांची नावं मिळाली का?"