कोर्तेसाचें गुप्त ग्रंथकर्तृत्व : एक परीक्षण

मेक्सिकोच्या विजयाची जी हकीकत १६३२ पासून छापून वाचली जात आहे, ती एर्नान कोर्तेसाच्या फौजेंतील बेर्नाल दिआस देल कास्तीयो नांवाच्या शिपायानें वृद्धापकाळीं ग्वातेमालांत लिहिली, असें सर्वत्र मानलें जातें. पॅरिसचे पंडित क्रिस्तियान द्युव्हेर्जे यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘कोर्तेस आणि त्याचा प्रतिपुरुष’ या फ्रेंच ग्रंथांत हें मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांच्या मतें ‘नव्या स्पेनच्या विजयाचा खरा इतिहास’ हा ग्रंथ खुद्द कोर्तेसानें व्हायादोलिद शहरीं १५४३ ते १५४६ च्या दरम्यान गुप्तपणें रचला. बेर्नाल ग्रंथलेखनास सर्वथा असमर्थ होता व त्याचें नांव ग्रंथास मागाहून चिकटलें. दिवसा एका आश्रिताकडून आपलें चरित्र लिहवून घेणारा आणि रात्रीं शिपायाच्या मुखवट्याआड त्याच चरित्राचें खंडन करणारा, असा हा नवा कोर्तेस आहे. कादंबरींत तो शोभला असता. इतिहासांत त्याला जागा मिळण्यापूर्वीं त्याचीं कागदपत्रें पाहिलीं पाहिजेत.

या सिद्धान्ताच्या बाजूनें जें म्हणण्यासारखें आहे, तें प्रथम सांगणें न्यायाचें होईल. कोर्तेसानें बादशहास धाडलेलीं वृत्तान्तपत्रें छापण्यास व विकण्यास १५२७ सालीं मनाई झाली होती. तेव्हां नांव लपवून लिहिण्यास त्याला कारण होतें, हें नाकारतां येत नाहीं. उतारवयांत त्याच्या घरीं विद्वानांच्या बैठकी होत, असा उल्लेखहि आहे. उलट पक्षीं, कोर्तेसाच्या या पत्रांत बेर्नालाचें नांव कोठेंहि येत नाहीं. आणि १५१८ च्या मोहिमेंत आपण हजर होतों, या बेर्नालाच्या विधानावर विद्वानांनीं पूर्वींहि शंका घेतली आहे. हे प्रश्न द्युव्हेर्जे यांनीं नेटानें पुढें मांडले, याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे.

परंतु हेतु दाखविल्यानें कर्तृत्व सिद्ध होत नाहीं. कोर्तेस सेव्हिलजवळ २ डिसेंबर १५४७ रोजीं वारला. ‘खऱ्या इतिहासां’त लोपेस दे गोमारा याच्या ग्रंथावर जागोजाग टीका आहे, आणि गोमाराचा ग्रंथ १५५२ सालीं छापला गेला. क्युबाहून कोर्तेसाबरोबर निघालेल्या मंडळींपैकीं १५६८ सालीं पांचच इसम हयात उरले आहेत, असेंहि ग्रंथकार लिहितो. यावर द्युव्हेर्जे यांचें उत्तर असें कीं, गोमाराचें लिखाण कोर्तेसास छापण्यापूर्वींच ठाऊक होतें, आणि उरलेले उत्तरकालीन उल्लेख प्रक्षिप्त होत.

बखरींच्या नकला एकमेकींशीं ताडून पाहणाऱ्या आमच्या वाचकांस प्रक्षेप म्हणजे काय, हें सांगावयास नको. प्रक्षेप सिद्ध करण्यास तो मजकूर नसलेली एखादी स्वतंत्र प्रत लागते, निदान अक्षर, शाई वा भाषा यांतील फरक तरी दाखवावा लागतो. याच ग्रंथांत त्याचें उत्तम उदाहरण आहे. बेर्नालाच्या ग्रंथाची एक नक्कल १५७५ सालीं स्पेनला रवाना झाली, आणि तिच्या आधारें आलोन्सो रेमोन या साधूच्या हातून सिद्ध झालेली आवृत्ति १६३२ सालीं माद्रिद येथें निघाली. रेमोन मेर्सेद पंथाचा. कोर्तेसाच्या स्वारींतील बार्तोलोमे दे ओल्मेदो हा साधुहि त्याच पंथाचा. छापील आवृत्तींत ओल्मेदोचें महत्त्व वाढविणारा मजकूर आहे. ग्वातेमालांत राहिलेलें हस्तलिखित हेनारो गार्सिया यांनीं १९०४-०५ सालीं मेक्सिकोंत छापलें, तेव्हां तो मजकूर मूळ बाडांत नसल्याचें सर्वांस ताडून पाहतां आलें. येथें प्रतींतील भेद आहे आणि भर घालणाऱ्याचा हेतुहि उघड आहे. द्युव्हेर्जे ज्यांस प्रक्षिप्त म्हणतात, ते गोमाराविरुद्धचे व १५६८ चे उल्लेख नसलेली एकहि प्रत ते दाखवूं शकत नाहींत. सिद्धान्ताच्या आड येतें तेवढें प्रक्षिप्त, अशी कसोटी लाविली तर कोणताहि ग्रंथ कोणाच्याहि नांवावर चढवितां येईल.

बेर्नालाच्या बाजूचा पुरावा कांहीं आकाशांतून पडलेला नाहीं. त्यानें आपल्या चाकरीची साक्षीपुराव्यानिशीं चौकशी १५३९ सालीं करवून घेतली. राजदरबारास त्यानें १५५२ व १५५८ सालीं लिहिलेलीं पत्रें उपलब्ध आहेत. ग्वातेमाला शहराच्या पंचमंडळाचा तो दीर्घकाळ सभासद होता. आणि सर्वांत वजनदार साक्ष आलोन्सो दे सोरीता या न्यायाधीशाची आहे. तो १५५० नंतरच्या दशकांत त्या प्रांतीं नेमणुकीवर असतां, आपण त्या देशाचा इतिहास लिहीत आहों असें बेर्नालानें त्यास सांगितलें व लिहून झालेला कांहीं भाग दाखविलाहि, असें सोरीतानें नमूद केलें आहे. सोरीतास या बाबतींत खोटें लिहिण्याचें प्रयोजन दिसत नाहीं.

ग्रंथाचा अंतःपुरावाहि याच दिशेस बोट दाखवितो. स्वारीबरोबर निघालेल्या सोळा घोड्यांचे रंग व गुण ग्रंथकार सांगतो. लुटीच्या सोन्यांतून राजाचा पंचमांश गेल्यावर कोर्तेसानेंहि आपला पंचमांश उचलला आणि शिपायांच्या पदरीं क्षुल्लक वांटणी आली, ही त्याची तक्रार शेवटपर्यंत शमत नाहीं. विजयाचें सारें श्रेय एकट्या सेनापतीस देणाऱ्या गोमारावर त्याचा राग आहे तो याचसाठीं. द्युव्हेर्जे यास कोर्तेसाचा मुखवटा म्हणतात. कोर्तेसाची स्तुति आली कीं ती त्याची लेखणी, निंदा आली कीं तो त्याचा मुखवटा. असें म्हटल्यावर विरुद्ध पुरावा उरतोच कोठें?

या वादांत एका नांवाच्या अदलाबदलीहून अधिक कांहीं गुंतलें आहे. सामान्य शिपायास इतकें सरस लिहितां येणार नाहीं, हें गृहीत धरूनच सारी इमारत उभी राहिली आहे. तें मान्य केलें, तर ज्या ग्रंथानें सेनापतीच्या कीर्तींत शिपायांचा वांटा मागितला, तोच ग्रंथ सेनापतीच्या खातीं जमा होतो. एकदां सोन्याच्या वांटणींत झालें, तेंच पुन्हां कीर्तीच्या वांटणींत व्हावयाचें.

ग्वातेमालाचें बाड खाडाखोडींनीं व वेगवेगळ्या हातांच्या अक्षरांनीं भरलेलें आहे. त्यांतील कोणता थर केव्हांचा व कोणाचा, याचा पानोपानीं निर्णय करणें हें काम कष्टाचें आहे. गुप्त इतिहास रचण्याइतकें तें चित्तवेधक नाहीं. द्युव्हेर्जे यांच्या ग्रंथानें त्या कामाकडे पुन्हां लक्ष वेधलें, हा त्याचा उपयोग. तोंवर पुराव्यानें दिलेलें नांव कल्पनेनें काढून घेण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. ग्रंथ बेर्नालाचाच मानावा, हा आमचा अभिप्राय.