कोटिंग विरघळलं, पण दाव्याचं काय?

गेल्या सुट्टीत खारेपाटणला गेलो होतो, तेव्हा शेजारच्या काकांनी अँजिओप्लास्टीची फाईल पुढे केली. स्टेंटच्या कार्डावर ‘बायोडिग्रेडेबल पॉलिमर’ असं लिहिलेलं. काकांनी विचारलं, “म्हणजे स्टेंट विरघळान जातलो मां? मग गोळये बंद केले तर चालतले?”

स्टेंट विरघळत नाही. कोबाल्ट-क्रोमियमची जाळी कायम राहते. तिच्यावरचं, औषध धरून ठेवणारं पातळ कोटिंग तेवढं विरघळतं. पीएलजीएसारख्या पॉलिमरमधले एस्टर बंध पाण्याने तुटतात, लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल तयार होतं, शरीर ते पचवतं. कोटिंगच उरलं नाही तर त्यामुळे होणारी सूज आणि उशिरा होणारी रक्ताची गुठळी टळेल, असा यामागचा तर्क.

तर्क छान आहे. पण पुरावा? त्यासाठी ‘टॅलेंट’ ही चाचणी वाचू (द लॅन्सेट, 2019). सुरतमध्ये बनणारा सुप्राफ्लेक्स विरुद्ध कायमस्वरूपी पॉलिमरचा झायन्स. युरोपातली 23 केंद्रं, 1435 रुग्ण. 12 महिन्यांत हृदयविकाराने मृत्यू, त्याच रक्तवाहिनीमुळे हार्ट अटॅक किंवा त्याच जागी पुन्हा उपचार, हे सगळं मिळून सुप्राफ्लेक्समध्ये 4.9 टक्के, झायन्समध्ये 5.3 टक्के.

आधी कौतुक. तुलनेला कच्चा नाही, तगडा प्रतिस्पर्धी घेतला आणि रुग्ण निवडून सोपे घेतले नाहीत. भारतीय स्टेंटसाठी ही मोठी गोष्ट आहे.

आता माझे आक्षेप.

एक, ही ‘नॉन-इन्फिरिऑरिटी’ चाचणी होती. ‘ठरवलेल्या मर्यादेपलीकडे वाईट नाही’ एवढंच ती सिद्ध करते. 4.9 हा आकडा 5.3 पेक्षा लहान दिसला म्हणून ‘सरस’ म्हणता येत नाही.

दोन, कोटिंग जायला साधारण नऊ ते बारा महिने लागतात. म्हणजे फायदा जिथून सुरू व्हायचा, तिथेच मुख्य मोजमाप संपलं!

तीन, फक्त पॉलिमर बदललेलं नाही. सुप्राफ्लेक्सची तार 60 मायक्रॉन, झायन्सची 81. औषधही वेगळं. मग परिणामाचं श्रेय कशाला द्यायचं?

कोणी म्हणेल, ‘लीडर्स’ चाचणीत पाच वर्षांचा पाठपुरावा होता आणि पहिल्या वर्षानंतरच्या गुठळ्या कमी दिसल्या. खरंय. पण तिथे समोर सायफर होता, पहिल्या पिढीचा, जाड तारेचा. जुन्या स्टेंटला हरवलं म्हणून नव्याला हरवलं असं होत नाही.

म्हणून पेपर हातात घेतलात की निष्कर्षाआधी तीन गोष्टी तपासा: तुलना कोणाशी, किती काळ, आणि एकाच वेळी किती गोष्टी बदलल्या.

काकांना मी एवढंच सांगितलं, “गोळ्या तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.” कार्डावरचा तो शब्द कोटिंगबद्दल आहे. गोळ्या कधी थांबवायच्या, याचं उत्तर त्यात नाही.