शिबिराच्या गाण्यातली रिकामी जागा

शिबिरातलं गाणं आठवलं की आपण हळवे होतो. पण ते गाणं म्हणून कसं आहे, हे कुणी विचारत नाही. मला तेच विचारायचंय.

मी जालना जिल्ह्यातल्या धावड्याची. नववीनंतरच्या मे महिन्यात आठ दिवस एका शिबिराला गेले होते. तिथली भाषणं पार पुसली गेली. पण साने गुरुजींचं ‘खरा तो एकची धर्म’ कानावर पडलं, की सतरंजीचा धुळकट वास आणि उघड्यावरची झोप लगेच आठवते. गंमत म्हणजे हेच गाणं आम्ही शाळेत परिपाठाला कित्येकदा म्हटलं होतं. तरी त्यानं शाळा आठवत नाही. शाळेत रांग होती, हात जोडलेले, नजर समोर. शिबिरात आम्ही गोल बसायचो. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. शब्द तेच, पण गाण्यात आता एकमेकींचे चेहरे होते.

‘हम होंगे कामयाब’चंही तसंच. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची प्रार्थनागीतं, कामगारांचे संप आणि नागरी हक्कांची चळवळ असा प्रवास करत आलेल्या या गाण्याला गिरिजाकुमार माथुरांनी हिंदी शब्द दिले. त्याची ओळ छोटी आहे आणि ती परत परत येते. पहिल्यांदा ऐकणाराही दुसऱ्या फेरीत सामील होतो. कवितेच्या मोजमापानं ही पुनरुक्ती म्हणजे दोष. शिबिरात मात्र ती नवख्याला शेजारी बसायला सरकून दिलेली जागा असते.

म्हणूनच यूट्यूबवरची या गाण्यांची चकाचक रेकॉर्डिंग मला कोरडी वाटतात. आवाज सुरेल, वाद्यं नेमकी, पण माझ्यासाठी ओळ मोकळी सोडलेली नाही.

तरी एक प्रश्न उरतोच. बाबा आमटेंनी 1967 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तिच्या नावातच श्रम आहे. भर मे महिन्यात आधी कुदळ-फावडं, मग गाणं. हातांनी केलेल्या कामाचा आधार असला की गाण्यातला ‘आपण’ खरा होतो. तो आधार सुटला की उरतो फक्त गोडवा.

आमच्या शिबिरात ओळ उचलून देणारी जी मुलगी होती, तिचं पुढच्याच उन्हाळ्यात लग्न झालं. दहावीचा निकाल लागायच्या आधी. आमच्यासाठी ते गाणं म्हणजे सुट्टी. तिच्यासाठी ते आठ दिवस म्हणजे ‘कुठं चाललीस’ असं कुणी न विचारलेले एकमेव दिवस असावेत. गाण्यानं सगळ्यांना जागा दिली होती. गावानं तिला दिली नाही.

याचा दोष मी गाण्याला देणार नाही. पण ज्या आठवणीत फक्त चांदणं येतं आणि ती येत नाही, ती आठवण मला अर्धवट वाटते. चांगलं शिबिरगीत आपल्याला मागे नेतं, आणि तिथे गेल्यावर विचारतं: गोलातलं आज कोण दिसत नाही?